नानासो मगदूमचा गुलाबी हौदा

आष्ट्याच्या नानासो मगदूमला पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी थोडा मागं सरायचा आणि वास आला की पुन्हा पुढं यायचा. गडी होताच तसा. दारातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागायचं. बसला की बाकाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस वर उचलला जायचा. आणि एवढ्या मोठ्या देहाला गुलाबाचा वास यायचा. अत्तराचा नव्हे. अत्तर लावून हिंडणारे आमच्याकडं चार-दोन होतेच. नानासोला वास यायचा तो आत्ताच खुडलेल्या फुलाचा. असा वास त्याला कसा लागला, त्याची ही हकीकत.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यापर्यंत नानासो नुसता पैलवान होता. आमच्या मारुतीच्या देवळामागच्या तालमीचा, तात्याबा वस्तादांचा पठ्ठा. तिशी गाठली नव्हती. इस्लामपूरकडच्या एका जत्रेत तो समोरच्याचा पाय ओढून पट काढायला वाकला आणि त्याचा उजवा गुडघा असा वाजला, की हलगीवाल्यानं वाजवायची थांबवली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालशील, सायकल चालवशील, पण कुस्तीचं विसर.

नानासो कुस्ती विसरायला तयार होता, पण तालीम सोडायला तयार नव्हता. सकाळी उठून तो तिथंच जाऊन बसायचा. शेवटी वस्तादांनी त्याच्यावर हौद्याची जबाबदारी टाकली. हौदा म्हणजे ज्या मातीत कुस्ती खेळतात तो खड्डा. ती माती खणायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद आणि तांबडी काव घालायची आणि पुन्हा सारखी करायची. नानासोनं हे काम असं अंगावर घेतलं, की बाकीचे पोरगे हौद्यात उतरायच्या आधी पाय धुऊ लागले.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. तालमीत येताना त्यानं मारुतीपुढं शपथ घेतली होती, की वस्ताद मोकळं करेपर्यंत लग्न करणार नाही आणि परक्या बाईशी तोंड वर करून बोलणार नाही. गुडघा गेल्यावर ही शपथ सोडवायला हवी होती. पण वस्ताद ती साफ विसरले होते आणि त्यांना आठवण करून द्यायला नानासोला लाज वाटत होती. त्यामुळं कुस्ती सुटली तरी शपथ तशीच राहिली.

तालमीमागं एक पडीक तुकडा होता. पोरं अंघोळ करायची ते सगळं पाणी तिथं जायचं. माधवनगरच्या मावशीकडं देशी गुलाबाचं दाट कुंपण होतं. तिला भेटायला गेला असताना नानासोनं तिथल्या काड्या आणल्या आणि त्या तुकड्यात खोचल्या. त्या पाण्यात तेल होतं, ताक होतं, हळद होती, पैलवानांचा घाम होता. या खुराकावर गुलाब असे माजले, की वर्षभरात कौलांच्या वर गेले. फूल साधंच, गुलाबी, पण वास असा की देवळात पोथी वाचणारा माणूस वाचता वाचता थांबायचा.

पहिल्या बहरात नानासोनं फुलं मारुतीला वाहिली, पोरांच्या थंडाईत घातली, वस्तादांच्या घरी गुलकंदाला दिली. तरी पाट्या भरून उरली. फेकून द्यायचं त्याच्या जिवावर आलं. हौद्याच्या मातीला तेव्हा शिळ्या ताकाचा आंबूस वास मारत होता. नानासोनं विचार केला आणि सगळ्या पाकळ्या मातीत खणून टाकल्या. ताक थोडं कमी केलं.

दोन-चार दिवसांत तालमीतली सगळी पोरं गुलाबासारखी वास मारायला लागली. पोरांची लग्नं झालेली नव्हती, त्यामुळं त्यांना त्याचं काही वाटलं नाही. अडचण झाली ती वस्तादांची. तात्याबा वस्ताद साठीला आले होते. मिशा पांढऱ्या, आवाज घोगरा. ते रोज संध्याकाळी घरी जायचे तेव्हा त्यांच्या अंगाला गुलाबाचा घमघमाट यायचा. त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, आठवडाभर काहीच विचारलं नाही. नुसतं ताट आदळलं. मग एक दिवस त्या तालमीच्या बोळात येऊन उभ्या राहिल्या. तालमीत बाईमाणूस जात नाही, म्हणून त्यांनी बाहेरूनच नानासोला हाक मारली आणि वस्ताद दिवसभर कुठं कुठं जातात ते सांग म्हणाल्या. नानासोनं भिंतीकडं तोंड करून मातीची सगळी हकीकत सांगितली. धोंडुबाईंचा विश्वास बसला नाही. तेव्हा त्यानं घमेलंभर माती बाहेर आणून ठेवली. त्यांनी वाकून वास घेतला, चिमूटभर माती हातावर चोळली आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून वस्तादांचं ताट आदळलं नाही. घमेलंही परत आलं नाही.

मग झाली आष्ट्याच्या मैदानातली ती कुस्ती. आमच्या तालमीचा भाऊसो आणि वारणाकाठचा धुळा अशी जोड लागली होती. धुळा म्हणजे अंगावर आला की सुटणं नाही. सलामी झाली, हाताला हात लागला आणि धुळानं भाऊसोची मान काखेत धरली. त्याचं नाक भाऊसोच्या खांद्यावर टेकलं. सकाळी भाऊसो हौद्यात मनसोक्त लोळून आला होता. धुळाला शिंक आली. शिंकणाऱ्या माणसाच्या हातात जोर राहत नाही, तेवढ्यात भाऊसोनं मान सोडवली. धुळानं परत धरली, परत शिंकला. तिसऱ्या शिंकेला त्याचे डोळे मिटले होते, ते उघडले तेव्हा त्याला आभाळ दिसत होतं.

मैदानात गोंधळ झाला. वारणाकाठची मंडळी म्हणाली, ही वासाची कुस्ती आहे, आम्हाला मान्य नाही. पंचांनी भाऊसोला मधोमध उभं केलं आणि एकेकानं त्याचा खांदा हुंगला. मुख्य पंच निवृत्त शिक्षक होते. त्यांनी दोनदा हुंगला. मग चौघांनी बसून विचार केला. अंगाला तेल लावून यायला बंदी होती, नखं वाढवायला बंदी होती, पण वासाबद्दल कुणी कधी काही ठरवलेलंच नव्हतं. निकाल भाऊसोच्या बाजूनं गेला. धुळा बिचारा अजून शिंकत होता. तो म्हणाला, "मला हार मान्य हाय. पर याला आदी लांब न्या."

या कुस्तीची चर्चा गावात महिनाभर चालली आणि त्या चर्चेतूनच शरयू तालमीच्या बोळात आली.

शरयू सांगलीची. वडील माधवनगरच्या गिरणीत मागावर होते. तिनं सांगलीत ब्युटी पार्लरचा कोर्स केला होता आणि सांगलीत पार्लरं फार झाली म्हणून आष्ट्यात येऊन स्वतःचं काढलं होतं. आष्ट्यातलं ते पहिलंच. जागा मिळाली ती पिठाच्या चक्कीच्या वर. खाली ज्वारी दळायला लागली की वर आलेली गिऱ्हाइकं आपोआप पांढरी व्हायची. बायका यायच्या त्या भुवया कोरून घ्यायला, आणि तेही पदर तोंडावर ओढून मागच्या जिन्यानं. शरयूचं सगळं लक्ष मात्र घरगुती लेपांवर होतं. गुलाबपाणी, साय, चंदन, मुलतानी माती, मध. बाटलीतलं गुलाबपाणी तिला पसंत नव्हतं. त्याला फूल कमी आणि पाणी जास्त असतं, असं ती म्हणायची. तेवढ्यात खालच्या चक्कीवाल्यानं तिला शिंकेच्या कुस्तीची गोष्ट सांगितली.

ती बोळात आली तेव्हा नानासो माती चाळत होता. तिनं फुलं मिळतील का विचारलं. नानासो उठला, भिंतीकडं वळला आणि भिंतीला म्हणाला, की फुलं हायत, पर ती तालमीची हायत, वस्तादांना इचारावं लागंल. शरयूला वाटलं, माणसाला कमी ऐकू येतं. म्हणून ती मोठ्यानं बोलायला लागली. त्यामुळं त्यांची पहिली भेट सगळ्या बोळानं ऐकली.

तिनं त्याला गुलाबाचा सगळा इतिहास सांगितला. मोगलांच्या काळात एका राणीनं म्हणे बागेतला पाट गुलाबपाण्यानं भरला होता. उन्हात त्याच्यावर तेलाची साय धरली, तेच पहिलं अत्तर. रोमचे लोक जेवायच्या खोलीत पाकळ्यांचा थर घालायचे. नानासोनं भिंतीला विचारलं, "त्यात कुस्ती खेळायचे का?" ती म्हणाली, नाही, जेवायचे. नानासोला रोमच्या लोकांची कीव आली. एवढी चांगली तयारी करायची आणि वर बसून नुसतं जेवायचं, हे त्याला पटलं नाही. आणखी एक तिनं सांगितलं, की जिथं छताला गुलाब टांगलेला असेल तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, अशी त्या लोकांची रीत होती. हे मात्र नानासोनं नीट लक्षात ठेवलं.

वस्तादांनी परवानगी दिली. नानासो रोज सकाळी पाटीभर फुलं सायकलवरून चक्कीपाशी न्यायचा, जिना चढायचा, दाराबाहेर पाटी ठेवायचा आणि जिन्याच्या भिंतीशी बोलून परत यायचा. शरयू तांब्याच्या पातेल्यात फुलं उकळायची, वर पाणी भरलेली परात ठेवायची आणि वाफेचं थेंब थेंब गुलाबपाणी आत मधोमध ठेवलेल्या वाटीत धरायची. तिचं गिऱ्हाईक वाढलं. आता बायका पुढच्या जिन्यानं येऊ लागल्या.

एकदा बोलता बोलता शरयूनं रंगांचे अर्थ सांगितले. लाल गुलाब दिला तर प्रेम, पांढरा दिला तर निर्मळ मन, गुलाबी दिला तर कौतुक आणि आभार. इस्लामपूरच्या कॉलेजात हल्ली पोरं याचा दिवस साजरा करतात म्हणाली. नानासोनं आपल्या पाटीकडं पाहिलं. सगळी गुलाबी. म्हणजे वर्षभर आपण रोज पाटीभर आभार मानत आलो, एवढंच झालं. त्या दिवशी तो सायकल चक्कीपाशीच विसरून चालत घरी गेला.

सांगलीच्या एका रोपवाल्याकडून त्यानं लाल गुलाबाची काडी आणली आणि आपल्या सगळ्यात दणकट झाडावर डोळा भरला. साल चिरून त्यात दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा आणि बांधून टाकायचं, हे नाजूक काम. नानासोची बोटं केळ्याएवढी. तरी डोळा धरला, फुटला, कळी आली. नानासो रोज त्या कळीपाशी जाऊन बसायचा. पोरांना त्या बाजूला अंघोळ करायला त्यानं मनाई केली. कळी उमलली ती पिवळी. रोपवाल्याची काडी बदलली होती.

नानासोनं तरी ते फूल नेलं आणि भिंतीला विचारलं, की पिवळ्याचं काय असतंय. शरयूनं सांगितलं, मैत्री. मग ती प्रामाणिक असल्यामुळं पुढं म्हणाली, की काही ठिकाणी त्याचा अर्थ मत्सर असाही लावतात. नानासो चार दिवस विचार करत राहिला, की आपण कुणाचा मत्सर करतो. शरयूच्या जवळपास पुरुष म्हणावा असा एक चक्कीवालाच होता आणि तो सत्तरीचा, दम्याचा. तरी नानासोनं त्याच्याशी काही दिवस कमी बोलून पाहिलं.

चौऱ्याण्णवच्या लग्नसराईत खरा प्रसंग आला. आष्ट्यातल्या एका घरी लग्न होतं. नवरी माधवनगरची, अबोली नावाची. वऱ्हाड आदल्या दिवशीच आलं आणि नवरीला शरयूकडं आणलं. शरयूनं डबा उघडला तर मुलतानी माती संपलेली. मुहूर्त एकामागून एक होते, दुकानातलीही संपली होती. सांगलीहून आणायला वेळ नव्हता. ती जिन्यात येऊन उभी राहिली आणि आता काय करावं म्हणाली.

नानासो तेव्हा पाटी ठेवत होता. तो भिंतीला म्हणाला, "मातीच पायजे न्हवं? माती हाय की."

त्यानं हौद्यातली माती आणली, तीन पदरी कापडातून गाळली, आणि शरयूनं ती गुलाबपाण्यात कालवून अबोलीच्या तोंडाला लावली. लेप सुरेख बसला. वास सुरेख आला. वाळल्यावर धुतला तर अबोलीचे गाल लोण्यासारखे मऊ झालेले होते आणि पिकल्या टोमॅटोसारखे लाल. मातीत काव असते, हे नानासोला ठाऊक होतं, पण पैलवानाच्या पाठीला ती लागली तर कुणी आरसा घेऊन बसत नाही. शरयूनं दूध लावलं, बेसन लावलं, पुन्हा गुलाबपाणी लावलं. रंग आणखी खुलला. अबोलीनं आरशात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मऊ मात्र लय झालेत."

नानासोनं पार्लरच्या छताला दोऱ्यानं एक गुलाब टांगला, म्हणजे इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. संध्याकाळपर्यंत ते इस्लामपूरला पोचलं होतं.

लग्नात मात्र वेगळंच झालं. सासरच्या मंडळींना वाटलं, मुलगी लाजते आहे. अक्षता पडेपर्यंत लाजतेय, जेवताना लाजतेय, निघतानाही लाजतेय. असली लाजाळू सून हल्ली मिळत नाही, असं सगळ्यांनी बोलून दाखवलं. सासू तर रडली. गोंधळ झाला तो आमच्या वस्तादांचा. ते मानाचे पाहुणे म्हणून पुढं बसले होते. नवरा-नवरी पाया पडायला आली. अबोली वाकली तेव्हा तिच्या कानामागं राहिलेली थोडी लाल माती वस्तादांना दिसली. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात पुढं झाला, त्यांनी त्या मातीला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला टेकवलं. मांडवातल्या लोकांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस, नवरीला देवी मानतो. वस्तादांना वास आला आणि सगळं उमगलं.

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन चक्कीचा जिना चढले. पार्लरमध्ये पाऊल टाकायची त्यांची पहिलीच वेळ. नानासो पाटी घेऊन दाराशीच होता, तो कोपऱ्यात भिंतीला चिकटला. वस्ताद म्हणाले, "मारुतरायाची माती. ती तुमी बाईच्या तोंडाला फासली?"

शरयू घाबरली होती, पण रीत सोडली नाही. आधी बसा म्हणाली, पाणी आणते म्हणाली. तिथं बसायला एकच खुर्ची होती, गिऱ्हाइकाची, मागं आडवी होणारी. वस्ताद रागानं त्यात बसले. त्यांच्या वजनाला खुर्चीचा खटका सुटला आणि खुर्ची सपाट आडवी झाली.

तात्याबा वस्तादांची पाठ उभ्या आयुष्यात कुणी टेकवली नव्हती. कोल्हापुरात टेकली नव्हती, बेळगावात टेकली नव्हती. ती आष्ट्यात पिठाच्या चक्कीवर टेकली. नानासोनं डोळे मिटून घेतले.  वस्ताद छताकडं बघत पडून राहिले. शरयूनं पाहिलं, त्यांचे डोळे लाल झाले होते. तिनं गार गुलाबपाण्यात कापूस भिजवला आणि दोन्ही डोळ्यांवर ठेवला.

खाली चक्की चालू होती. थोड्या वेळानं चक्कीच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला. वस्ताद घोरत होते.

आता झोपलेल्या माणसाचं काय करायचं, हे दोघांनाही कळेना. उठवायची हिंमत नानासोत नव्हती. शरयूला रिकामं बसायची सवय नव्हती. तिनं साय, मध आणि गुलाबाच्या वाटलेल्या पाकळ्या घेतल्या आणि वस्तादांच्या तोंडाला लेप लावला. मिशा सोडून. लेप वाळला, तिनं तो ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि साठ वर्षांच्या उन्हातान्हाखालून एक नवाच माणूस वर आला.

तेवढ्यात धोंडुबाई नवऱ्याला शोधत जिना चढून आल्या. मालक काठी घेऊन पार्लरकडं गेले, हे त्यांना रस्त्यातच कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी खुर्चीवरच्या माणसाकडं पाहिलं, मग शरयूला विचारलं, आमचं मालक हितं आलं व्हतं का. आवाजानं वस्ताद जागे झाले आणि म्हणाले, आगं मीच हाय. धोंडुबाई जवळ गेल्या. त्यांनी गालाला बोट लावून पाहिलं.

"लगीन झालं तवा तुमी आसं व्हता," त्या म्हणाल्या.

मग वस्तादांना मातीचं भांडण पुढं चालवता येईना. चालवायला गेले असते तर धोंडुबाईंनी घरी नेलेल्या घमेल्याचा विषय निघाला असता, आणि त्यातली बरीचशी माती धोंडुबाईंच्या टाचांच्या भेगांत गेली होती, हे त्यांनीच हसत सांगून टाकलं.  धोंडुबाईंची नजर मग कोपऱ्यातल्या नानासोवर गेली, त्याच्या हातातल्या पाटीवर गेली आणि शरयूवर आली. त्यांना असल्या गोष्टी लवकर कळायच्या. त्यांनी सरळ विचारलं, की नाना, तू लगीन का करंना झालास.

नानासो भिंतीला म्हणाला, "वस्तादांनी अजून सोडलं न्हाई."

"कशातनं?" वस्तादांनी विचारलं.

नानासोनं शपथेची आठवण करून दिली. वस्ताद खुर्चीतून उठू पाहत होते ते पुन्हा मागं टेकले. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. धोंडुबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्यांनी तिथंच, आडव्या खुर्चीतून, हात वर करून नानासोला मोकळं केलं. गावात पुढं कुणी विचारलं, तर हे मारुतीच्या देवळात झालं असं सांगायचं, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

राहिली शरयू. धोंडुबाईंनी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं हाय बाई. शरयू म्हणाली, की माझ्याकडं बघून बोलणारा असेल तर विचार करीन, भिंतीकडं बघून बोलणारा नको.

नानासो वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडं समोरून पाहिलं. बोलायचं ते त्यानं मनात पुष्कळदा तयार केलं होतं. मोगलांची राणी होती त्यात, रोमचे लोक होते, लाल रंग होता. ऐन वेळी त्यातलं काही वर आलं नाही. तो म्हणाला, "तुमच्या जिन्यात लय पीठ सांडलेलं असतंय. मी रोज झाडतो."

शरयू बघत राहिली. तिला वाटत होतं, ते चक्कीवाला झाडतो. दर दिवाळीला ती चक्कीवाल्याला त्याबद्दल फराळ द्यायची आणि तो घ्यायचा.

"मग आता आतलंही झाडा," ती म्हणाली.

पंच्याण्णवच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. धुळा वारणाकाठाहून आला होता, तोंडाला उपरणं बांधून. मातीचा तंटा वस्तादांनी असा मिटवला, की हौद्यातली माती बाहेर जायची नाही, पण हौद्यात पडायच्या आधीची, नारळ फोडायच्या आधीची माती, ती कुणाचीही. फक्त काव घालायच्या आधी न्यायची. नानासोनं आष्टा-इस्लामपूर रस्त्यालगत तुकडा घेऊन गुलाब लावले. या वेळी लाल सुद्धा, खात्री करून घेतलेले. दुपारी पार्लरला बायका यायच्या आणि सकाळी लवकर, मागच्या जिन्यानं, पदराऐवजी टॉवेल तोंडावर ओढून, तालमीतली पोरं. त्यांना मुरमं असायची.

अठ्ठ्याण्णव साली शरयूनं नानासोला साताऱ्याच्या फुलांच्या प्रदर्शनात गुलाब न्यायला लावलं. कुंडी नव्हे, एकच फूल, बाटलीत. लाल, हातभर दांडीचं, कपाएवढं. दोघं एसटीनं निघाली. नानासो खिडकीशी बसला, बाटली दोन्ही हातांत. शेजारच्या माणसाला त्यानं पेठ नाक्यापर्यंत श्वास हळू घ्यायला लावला. कराड येईतो फूल टवटवीत होतं. उंब्रजच्या अलीकडं ड्रायव्हरनं म्हशीसाठी ब्रेक दाबला आणि सगळ्या पाकळ्या एकदम खाली आल्या. नानासोच्या हातात बाटली आणि दांडी राहिली.

शरयू म्हणाली, परत फिरू या. नानासो म्हणाला, आलोय तर मांडू. साताऱ्यात त्यानं ती दांडी सगळ्या गुलाबांच्या रांगेत नीट उभी केली, पाकळ्या बाजूला पानावर ठेवल्या आणि शेजारी बसला. येणाऱ्या प्रत्येकाला तो फूल कसं होतं ते हातांनी दाखवून सांगायचा. बाकीच्या गुलाबांपुढं लोक क्षणभर थांबायचे आणि नानासोपुढं घोळका व्हायचा. परीक्षक आले, त्यांनी दांडीचा वास घेतला, नानासोचाही घेतला आणि पुढं गेले. बक्षीस काही मिळालं नाही. उरलेल्या पाकळ्या शरयूनं तिथल्याच नळावर वाटून प्रदर्शनाला आलेल्या चार बायकांच्या हातांना लावल्या. त्यातल्या दोघी पुढं आष्ट्याला आल्या.

पुढच्या वर्षी नानासो शहाणा झाला. फूल न्यायचंच नाही, कळी न्यायची, साताऱ्यात पोचेपर्यंत ती उमलेल, असा हिशेब त्यानं केला. कळी सुखरूप पोचली. ती प्रदर्शन संपेपर्यंत उघडली नाही. नानासोनं तिच्यावर फुंकर घातली, तिला उन्हात धरलं, शेवटी जवळ जाऊन तिच्याशी बोलूनही पाहिलं. शरयू जरा लांब बाकावर शेंगा खात बसली होती. ती म्हणाली, "भिंतीकडं तोंड करून बघा एकदा, कदाचित लाजत असेल."

नानासोनं खरंच पाठ फिरवली.